देवाच्या दरबारात सर्वांना जागा
(रेव्ह. नारायण वामन टिळक यांच्या चरित्रावरून)



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात व त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्ण्याचे लोक, दुसऱ्या काठावर सावरगावचे. आणि झेंडा कोणी न्यायचा यासाठी दिवसभर दोन्ही काठांवरून दगडांचा मारा चालतो. दर वर्षी कित्येकांची डोकी फुटतात. आजवर काहींचे प्राणही गेले आहेत. संध्याकाळी दगड थांबतात, आणि दुसऱ्या दिवशी हीच माणसे एकाच बाजारात भाजीचा भाव करीत उभी असतात.

उपदेशक या नात्याने आम्ही या गोटमारीवर पुष्कळदा बोललो आहोत. परंतु दगड हातानेच मारावे लागतात असे नाही, हे आम्हांला आमच्याच मंडळीत कळले.

काही वर्षांपूर्वी शब्बाथशाळेच्या भाषेवरून आमच्यात वाद निघाला. १९५६ साली प्रांतांची फेररचना झाली तेव्हा नागपूर तिकडे गेले आणि आमचा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा आणि सौसर या दोन तालुक्यांत घरोघरी मराठी बोलतात. पण मुले शाळेत हिंदीच शिकतात. तेव्हा धडे मराठीत द्यावेत की हिंदीत? सभा बोलावली. आम्ही मराठीच्या बाजूचे. आम्ही उभे राहून एकेक मुद्दा खोडून काढला, शास्त्राचे आधार दिले, इतिहास सांगितला. मते घेतली गेली आणि आमची सरशी झाली. पुढच्या रविवारी चार कुटुंबे उपासनेला आली नाहीत. आम्ही वाद जिंकला होता आणि माणसे हरवली होती.

त्या खिन्नतेत आम्ही रेव्ह. टिळकांचे चरित्र पुन्हा हाती घेतले. त्यांची गीते आपण दर रविवारी गातो, त्यांची जयंती-पुण्यतिथी पाळतो. परंतु या वेळी आम्ही ते वाचले ते कवी टिळकांसाठी नव्हे. वादात निष्णात असलेला हा मनुष्य वाद सोडून लोकांना एकत्र बसवण्याकडे कसा वळला, हे आम्हांला पाहायचे होते. ते येथे थोडक्यात सांगावे असे वाटते.

वादाची वर्षे

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. आई जानकीबाई भाविक व कवितेची आवड असणारी. वडील वामनराव सरकारी नोकरीतले व कडक स्वभावाचे. आई लहानपणीच वारली. मातृछत्र गेलेला हा मुलगा घर सोडून नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत विद्या संपादन केली, थोडे इंग्रजीही शिकले. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्रास माहीत झाल्या.

टिळकांची पुढची दहाबारा वर्षे भटकंतीची होती. कधी पुराण सांगावे, कधी शाळेत शिकवावे, कधी छापखान्यात खिळे जुळवावेत. बुद्धी तल्लख, वाणी ओघवती, स्वभाव तापट आणि मन एका जागी न थांबणारे. १८९१ च्या सुमारास ते नागपुरास आले. तेथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले, आणि धर्मविषयक प्रश्नांचा ऊहापोह करणारे ‘ऋषी’ नावाचे मासिकही चालवले. आमचा मुलूख तेव्हा ज्या जिल्ह्यात होता तो छिंदवाडा जिल्हा आणि नागपूर त्या काळी एकाच मध्य प्रांतात होते. म्हणजे टिळकांच्या आयुष्यातील मोठी उलथापालथ आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर घडली आहे.

त्या काळात धर्माविषयी बोलणे म्हणजे बहुधा वाद करणे असे. टिळकांच्या जन्माच्या चार वर्षे आधी, १८५७ साली, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले होते. एका बाजूस विष्णुबावांसारखा निर्भय संन्यासी, दुसऱ्या बाजूस रेव्ह. जॉर्ज बोवेन यांच्यासारखा साधुवृत्तीचा मिशनरी. ऐकायला मोठी गर्दी जमे. पुढे ते वाद पुस्तकरूपानेही निघाले. दोन्हीकडची माणसे प्रामाणिक होती यात शंका नाही. पण जेथे ऐकणारे लोक कोण जिंकतो हे पाहायला जमतात, तेथे बोलणाऱ्याला आपली शंका कबूल करता येत नाही. शंका कबूल केली की हार झाली. म्हणून असा वाद कितीही दिवस चालला तरी दोन्ही पक्ष जेथल्या तेथे राहतात.

तरुण टिळक याच हवेत वाढले. जातिभेदाने देश दुभंगला आहे, त्याला एकत्र बांधणारा धर्म पाहिजे, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. व्याख्याने देऊन, लेख लिहून ते प्रश्न विचारीत आणि उत्तरे देत. परंतु मनातली खरी तळमळ मोकळी करावी अशी जागा त्यांना सापडत नव्हती.

आगगाडीच्या डब्यात

ती जागा सापडली आगगाडीत. १८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला, म्हणजे आताच्या छत्तीसगडात, नोकरीसाठी निघाले होते. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे फ्री मेथडिस्ट मिशनचे मिशनरी बसले होते. त्यांनी या अनोळखी ब्राह्मण गृहस्थाचे आदराने स्वागत केले. बोलणे सुरू झाले ते कवितेवरून. धर्माकडे ते मागाहून वळले. टिळकांनी आपली मते सांगितली, वॉर्डसाहेबांनी ती ऐकून घेतली. उतरताना साहेबांनी त्यांना नवा करार दिला व तो वाचण्याचे वचन घेतले. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही ते म्हणाले. त्या वेळी टिळकांना ते अशक्यच वाटले असणार.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी या प्रसंगाकडे नीट पाहावे. त्या डब्यात श्रोते नव्हते, पंच नव्हते, हारजीत नव्हती. दोन माणसे समोरासमोर एकाच बाकाच्या उंचीवर बसली होती. ज्याला सांगायचे होते त्याने आधी ऐकले, आणि समोरच्याला जे प्रिय होते, म्हणजे कविता, तेथून सुरुवात झाली. अम्माऊसच्या वाटेवर आपल्या प्रभूनेही असेच केले. सर्व ठाऊक असूनही त्याने त्या दोघा शिष्यांना प्रथम विचारले की तुम्ही काय बोलत आहात. आणि त्यांचे दुःख ते सांगून संपेपर्यंत तो त्यांच्याबरोबर चालला (लूक २४).

टिळकांनी वचन पाळले. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथे खिळून राहिले. ज्या प्रश्नांची उत्तरे ते शोधीत होते ती येथे प्रेमाच्या भाषेत मांडलेली त्यांना दिसली. तरी त्यांनी घाई केली नाही. मुंबईच्या अमेरिकन मिशनचे रेव्ह. ॲबट यांच्याशी त्यांचा संपर्क झाला, अंतःकरणात मोठा झगडा झाला. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या मंदिरात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो आपल्याच देशबांधवाच्या, हिंदी पाळकाच्या हातून व्हावा, असा त्यांचा आग्रह होता आणि तो पूर्ण झाला.

घरातली दरी

लोकांशी बोलणे साधले, पण घरी काय? लक्ष्मीबाईंना ही बातमी कळली तेव्हा त्यांच्यावर आकाशच कोसळले. पती जिवंत असून दुरावलेला, पदरी लहानगा दत्तू, आणि नातेवाइकांची दया किंवा टोमणे. पुढे सुमारे साडेचार-पाच वर्षे त्या माहेरच्या आप्तांकडे, नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी राहिल्या. टिळक अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मिशनच्या धर्मशिक्षणशाळेत शिकवू लागले होते. त्यांची पत्रे येत, मधूनमधून भेटीही होत. हा काळ दोघांनाही किती कठीण गेला हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचावयास मिळते.

शेवटी लक्ष्मीबाई पतीकडे आल्या, पण ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. आपली वेगळी चूल, आपले वेगळे पाणी, आपले सोवळे-ओवळे सांभाळून त्या राहू लागल्या. व्याख्यानात भल्याभल्यांना निरुत्तर करणाऱ्या टिळकांना घरात वाद घालून बायकोला निरुत्तर करणे मुळीच कठीण नव्हते. त्यांनी ते केले नाही. तिची चूल वेगळी राहू दिली, तिचे पाणी वेगळे राहू दिले, आणि बोलणे मात्र एकत्र ठेवले.

मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात आपोआप विचार आला की ही जात देवाने केली की माणसांनी? पशुपक्ष्यांत जसा भेद दिसतो तसा माणसामाणसांत कोठे दिसतो? हा विचार त्यांना कोणी दिलेला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता. म्हणूनच तो टिकला. त्यांनी सर्वांच्या हातचे खाण्याचा निश्चय केला, आणि १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

टिळकांचे दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. ते तापट होते, पैशाच्या बाबतीत बेफिकीर होते, लहर आली की कोणाला न सांगता निघून जात. हे सर्व आपल्याला कोणी सांगितले? त्यांच्या पत्नीनेच. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. बाईंनी पतीच्या चुका हसत हसत, काहीही न लपवता लिहिल्या, आणि तरी त्या पुस्तकाच्या पानापानांतून पतीविषयीचे प्रेम ओसंडते. ज्या घरात बायकोला नवऱ्याविषयी खरे बोलण्याची भीती वाटत नाही, त्या घरात विश्वास आहे असे समजावे. टिळकांच्या संवादावरील श्रद्धेचा याहून मोठा पुरावा आम्हांला कोठे सापडला नाही. ज्या बाईंना लिहिणेवाचणे पतीनेच शिकवले, त्यांनीच त्यांचे खरे चित्र काढले.

उघडे दार

१९०४ साली टिळकांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. राहुरी आणि अहमदनगर ही त्यांच्या सेवेची मुख्य ठिकाणे. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ या १८४२ साली सुरू झालेल्या जुन्या पत्राच्या मराठी विभागाचे संपादक झाले. ‘ख्रिस्तायन’ हे प्रभूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. ते त्यांच्या हातून अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी नेटाने ते पुढे नेले व १९३८ साली ते प्रसिद्ध झाले.

या वर्षांत टिळकांमध्ये एक बदल होत गेला. आरंभी ते नव्या धर्माचे बोलणे पाश्चात्त्य वळणाने बोलत. हळूहळू त्यांना दिसले की आपल्या शेजाऱ्याला आपली भाषाच कळत नाही. मग त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन ही आपल्या लोकांची रीत जवळ केली. अहमदनगरच्या ख्रिस्ती लोकांत कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा आधीच सुरू केली होती. टिळकांनी तिला नवा प्राण दिला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. ज्यांच्याशी बोलायचे त्यांचे आपल्यावर ऋण आहे, हे कबूल करण्याचा कमीपणा त्यांना वाटला नाही. जो मनुष्य असे कबूल करतो त्याच्यासमोर दुसराही आपले मन उघडतो.

टिळकांचे घर हे तर सर्वांचे घर होते. अनाथ मुले तेथे वाढली, निराश्रितांना तेथे आधार मिळाला. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. तेथे टिळकांना त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सतरा वर्षांचा गरीब घरचा मुलगा भेटला. हेच आपले बालकवी. पुढे ते कित्येक दिवस टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले. बालकवी हिंदूच राहिले, टिळक ख्रिस्ती उपदेशकच राहिले, आणि दोघांची माया कधी आटली नाही. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले, तो घाव या घराला आपल्या मुलाच्या मृत्यूसारखा बसला.

देवाचा दरबार

आता आपण टिळकांच्या अखेरच्या पर्वाकडे येतो, आणि आमच्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या-छपन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा पगार सोडला व ख्रिस्ती संन्यास घेतला. ते साताऱ्यास राहू लागले. तेथे त्यांनी एका सहभागितेची स्थापना केली आणि तिचे नाव ठेवले ‘देवाचा दरबार’. बाप्तिस्मा झालेले आणि बाप्तिस्मा न झालेले, पण येशूला गुरू मानून त्याच्या मागे जाऊ इच्छिणारे, अशा सर्वांना त्यात जागा होती.

हे पाऊल किती धाडसाचे होते हे आज सहज ध्यानात येत नाही. पगार सोडला म्हणजे उद्याची भाकर देवावर सोपवली. शिवाय दोन्ही काठांवरून दगड येण्याचा संभव होता. हिंदू समाजाच्या दृष्टीने ते बाटलेले. आणि मंडळीतील काही जण विचारीत की बाप्तिस्मा न घेतलेल्यांना असे जवळ घेतले तर बाप्तिस्म्याचे मोल काय राहील? हा प्रश्न क्षुल्लक नाही. ज्यांनी बाप्तिस्म्यासाठी घरदार, आईबाप, वतन सोडले त्यांच्या तोंडी तो शोभतोच. पण टिळकांनीही तीच किंमत मोजली होती. साडेचार-पाच वर्षे बायकोमुलाचा वियोग सोसला होता. म्हणून बाप्तिस्मा त्यांना स्वस्त वाटत होता असे कोणालाही म्हणता येणार नाही. त्यांना टोचत होते ते दुसरेच. ख्रिस्ती मंडळी ही आपल्या देशबांधवांपासून तुटलेली एक निराळी जात होऊन बसली आहे, तिच्या कुंपणाबाहेर ख्रिस्तावर प्रेम करणारी माणसे उभी आहेत, आणि त्या दोघांना एकत्र बसायला जागाच नाही, हे ते दुःख होते.

त्यांनी निवडलेल्या शब्दावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. दरबार म्हणजे जेथे राजा बसतो आणि कोणीही जाऊन आपले गाऱ्हाणे मांडू शकतो ती जागा. टिळकांनी त्याला आपले नाव दिले नाही. टिळकांचा आश्रम म्हटले नाही. दरबार देवाचा. म्हणजे सिंहासन देवाचे, आणि आपण सर्व खालच्या बैठकीवर. बाप्तिस्मा घेतलेला तेथेच, न घेतलेला तेथेच, पाळक तेथेच आणि चौकशी करायला आलेला शाळकरी मुलगाही तेथेच. आमच्या समजुतीने सर्व मोकळ्या संवादाचे मर्म येथे आहे. सभेत जो बोलतो तो नकळत त्या रिकाम्या सिंहासनावर चढून बसतो आणि तेथून निवाडा देऊ लागतो. मग बाकीचे एकतर गप्प बसतात किंवा त्याला खाली खेचतात. सिंहासन भरलेले आहे हे ज्यांना ठाऊक असते त्यांनाच एकमेकांकडे सरळ पाहता येते.

दरबाराला फार आयुष्य लाभले नाही. टिळकांची प्रकृती ढासळली होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते प्रभूकडे गेले. आपल्या देहाचे दफन न करता दहन करावे अशी त्यांची इच्छा होती व ती पाळली गेली. शेवटच्या गोष्टीतही ते आपल्या लोकांच्या रीतीपासून दूर राहिले नाहीत. त्यांच्यामागे साताऱ्याचा दरबार टिकला नाही. तेव्हा तो फसला असे म्हणावे काय? टिळकांचे स्नेही रेव्ह. जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला, त्यात हिंदी व इंग्रज बंधू एकत्र राहून एकाच पंक्तीला जेवत. टिळकांच्या विचारांची प्रेरणा त्यामागे होती. विन्स्लोसाहेबांनीच पुढल्या वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. बी मातीत जाते, मग उगवते. ते कोणाच्या शेतात उगवेल हे पेरणाऱ्याच्या हाती नसते.

आमच्या मंडळीत

हे चरित्र वाचून झाल्यावर आम्ही त्या चार कुटुंबांकडे गेलो. समजूत घालायला नव्हे, ऐकायला. मग एका भावाच्या अंगणात सर्वांनी एकत्र बसावे असे ठरले. पांढुर्ण्याचे काही, सौसरचे काही, मिळून वीसबावीस माणसे. खुर्च्या मांडल्या नाहीत. सतरंजीवर गोल बसलो व मधोमध पवित्र शास्त्र ठेवले. तीनच गोष्टी आधी ठरवून घेतल्या. प्रत्येकाने पाळीपाळीने बोलावे व कोणी मध्ये बोलू नये. उत्तर देण्यापूर्वी, आधीच्या माणसाने काय सांगितले ते आपल्या शब्दांत सांगून त्याच्याकडून खात्री करून घ्यावी. आणि त्या दिवशी मते घ्यायची नाहीत.

दुसरी गोष्ट सर्वांत जड गेली. आम्हांला तर फारच. समोरचा बोलत असताना आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत असतो, ऐकत नसतो, हे आम्हांला त्या दिवशी कळले. पहिल्या खेपेस एका तरुण भावाचे म्हणणे आम्ही परत सांगितले, तर त्याने मान हलवली की नाही, मी असे म्हटलेच नव्हते. पुन्हा सांगितले, पुन्हा चुकले. तिसऱ्या खेपेस बरोबर आले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. अजून आम्ही त्याच्याशी सहमत झालो नव्हतो. फक्त त्याला समजले गेले होते.

मग जे सभेत कधी निघाले नव्हते ते निघाले. त्या तरुणाचा मुलगा वर्गात मराठी धडा वाचताना अडखळला होता व इतर मुले हसली होती. तेव्हापासून तो देवळात यायला रडत होता. दुसरीकडे एक वृद्ध बाई म्हणाल्या की नातू त्यांच्याबरोबर संध्याकाळची प्रार्थना करीत नाही, कारण आजीचे शब्द त्याला कळत नाहीत. आपण गेल्यावर या घरात आपली प्रार्थना कोणी म्हणणार नाही, याची त्यांना भीती वाटत होती. सभेत या दोघांनी एकमेकांविरुद्ध हात वर केले होते. एकाच मुलाची काळजी दोघांना होती, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या दिवशी निर्णय झाला नाही. असे चार वेळा बसल्यावर वाट निघाली. गोष्ट व गीते मराठीत, पाठ करायचे वचन मुलाला वाचता येईल त्या भाषेत, आणि महिन्यातून एका रविवारी आजीआजोबांनी वर्गात येऊन मुलांना शिकवायचे. चारांपैकी तीन कुटुंबे परत आली. एक आले नाही. ते दुसरीकडे उपासनेस जाते. सभेत आम्ही जे शब्द वापरले ते त्यांच्या मनातून गेले नसावेत. संवादाने सर्व जखमा भरतात असे आम्ही म्हणणार नाही. एकदा मारलेला दगड परत हातात येत नाही.

शब्बाथशाळेच्या बंधुभगिनींनो, यरुशलेमेतील पहिल्या मंडळीपुढेही असाच पेच होता. परजातीय विश्वासणाऱ्यांवर नियमशास्त्राचे किती ओझे घालावे यावर तेथे मोठा वादविवाद झाला. पेत्र बोलला, मग सर्व समुदायाने गप्प राहून बर्णबा व पौल यांचे ऐकून घेतले, आणि त्यानंतरच याकोबाने सर्वांना बांधणारी वाट दाखवली (प्रे. कृ. १५). ते गप्प राहणे आपण वाचताना सहज ओलांडून जातो. मंडळी दुभंगण्यापासून वाचली ती त्या गप्प राहण्यामुळेही वाचली.

पुढच्या रविवारी आपल्या वर्गात एकदा खुर्ची बाजूला सारून मुलांच्या गोलात खाली बसून पाहा. धडा सांगण्यापूर्वी त्यांना विचारा की या आठवड्यात काय झाले. आणि सर्वांत कमी बोलणाऱ्या मुलाचे बोलणे संपेपर्यंत थांबा. टिळकांचा साताऱ्याचा दरबार उठून शंभर वर्षे होऊन गेली. तरी त्याची सतरंजी कोणालाही, कोणत्याही अंगणात अंथरता येते. सिंहासनाची चिंता आपण करू नये. ते रिकामे नाही.